आबांच्या खिशातले फ्यूज

आमचं घर आणि आमची पिठाची गिरणी यांच्यामध्ये एकच भिंत होती, तीही विटांची एकेरी. गिरणीची मोटर सुरू झाली की स्वयंपाकघरातल्या फळीवरची ताटं किणकिणायची, माठावरचा पेला थरथरत कडेला यायचा, आणि माय भाकर थापता थापता एका हाताने तो मागे सरकवायची. हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की गिरणी बंद असतानाही तिचा हात कधीकधी उगाच माठाकडे जायचा. मला अभ्यासालाही तोच आवाज लागायचा. ज्वारी दळताना दगड एका सुरात घरघरत राहायचा, गहू पडला की आवाज जड व्हायचा, हरभऱ्याची डाळ पडली की आधी कडकड आणि मग सगळं मऊ. भिंतीपलीकडे काय दळलं जातंय ते आम्ही न बघता सांगू शकत होतो. आता मी पन्नाशीला टेकले आहे. वाशिमला माझा स्वतःचा मसाला कांडपाचा छोटासा कारखाना आहे. तिथली यंत्रं फार कमी आवाज करतात, आणि ती विकणारा माणूस मला हेच मोठ्या कौतुकानं सांगत होता. मला मात्र आवाज करणारीच यंत्रं बरी वाटतात. माझ्या वाढत्या वयातली सगळी भीती ही तो आवाज थांबण्याची भीती होती.

रिठदला, आमच्या गावी, तेव्हा वीज गेली असं कोणी म्हणायचं नाही, ‘लाइन गेली’ म्हणायचे. आधी गिरणीत डिझेलचं इंजिन होतं. त्याचा धूर घरात यायचा, मायच्या साड्यांना वास लागायचा. आबांनी ते विकलं आणि विजेची मोटर बसवली तेव्हा गल्लीतल्या पोरांना पेढे वाटले. आबा म्हणजे माझे वडील. मोटरला त्यांनी कुंकू-हार केला नाही, आमच्याकडे ती रीत नव्हती, पण विहारातून आणलेलं पांढरं फूल तिच्यावर ठेवलं आणि सगळ्यांना उभं करून वंदना म्हणायला लावली. मग लोडशेडिंग सुरू झालं. आधी थोडा वेळ, मग अर्धा दिवस, मग कधी सकाळी, कधी दुपारी, कधी सांगून, कधी न सांगता. त्याच सुमारास स्टँडजवळ एकानं नवी गिरणी घातली, इंजिनवर चालणारी. आमची लाइन गेली की आमच्या घरात एकदम शांतता व्हायची, आणि त्या शांततेत लांबून त्या इंजिनची पुक पुक ऐकू यायची. आमच्या दारात डबे घेऊन उभ्या असलेल्या बाया ती ऐकायच्या, एकमेकींकडे बघायच्या, आणि डबे उचलून चालू लागायच्या. आबा दारात उभे राहून त्यांच्या पाठी बघायचे. मी आतून आबांची पाठ बघायची.

आमच्या घरची भाकर गावातल्या इतर भाकरींसारखी नसायची. रोज काम संपलं की गिरणीच्या कडेकोपऱ्यात, पट्ट्याखाली, दगडाच्या झाकणावर साचलेलं पीठ माय कुंच्यानं झाडून घ्यायची, चाळायची, आणि त्याच्या भाकरी करायची. झाडणीचं पीठ. त्यात ज्वारी असायची, गहू असायचा, डाळ असायची, कुणाची बाजरी असायची. पोळ्याच्या सणाआधी भाकरीला बेसनाचा वास यायचा, कारण गावभर भज्यांसाठी डाळ दळली जायची. गावात लग्न असलं की भाकर पांढरी व्हायची. गाव काय खातंय ते आम्हाला आमच्या ताटात कळायचं. त्या वर्षी भाकर दिवसेंदिवस रेशनच्या गव्हाच्या चवीची, चिवट होत गेली आणि मग लहान होत गेली. माय ठेचा जास्त तिखट करायची, म्हणजे पाणी जास्त पिलं जाईल आणि पोट भरेल, असा माझा तेव्हापासूनचा संशय आहे. तिनं हे कधी कबूल केलं नाही.

आबा मुळात सढळ हाताचे. चौदा एप्रिलला विहाराची खीर आमच्या घरून जायची. रिसोडच्या बाजारात चहाच्या टपरीवर त्यांच्यासोबत दहा जण बसले तर पैसे तेच देणार. त्या माणसानं त्या वर्षी स्वतःला असा लगाम घातला की बघणाऱ्याला धडकी भरावी. आधी बिडी सुटली. वीस-बावीस वर्षांची बिडी, एका सकाळी बंडल चुलीत टाकलं आणि विषय संपला. मग टपरीचा चहा बंद झाला, बाजाराला जाणं बंद झालं, घरातली साखर जाऊन गूळ आला. संध्याकाळी एकच दिवा, तोही मी अभ्यासाला बसेन तिथे. मला वाटतं, इथपर्यंत आबांचं सगळं बरोबर होतं. माणसानं स्वतःपासून सुरुवात केली होती. पण काटकसर करता करता हात कुठे थांबवायचा हे भीती सांगत नाही. ती एवढंच सांगते, अजून काप. आबा रिकाम्या गिरणीत बसून छताकडे, भिंतीकडे, दगडाकडे बघत राहायचे, आणि आम्हाला कळायचं की आता ते आणखी काहीतरी कापायला शोधतायत. माझी पेन्सिल हातातून पडली तरी मी दचकायची.

एके संध्याकाळी मी ओट्यावर बसले होते आणि आत माय-आबांचं बोलणं चाललं होतं.

“पावसाळ्यापर्यंत असंच राह्यलं तं गिरणी इकतो,” आबा म्हणाले. “पुण्याले बांधकामावर जाऊ. तठी दोघांले काम भेटते.”

“अन् पोरीची बारावी?” माय म्हणाली.

आबांनी खाट भिंतीकडे ओढली. मग म्हणाले, “तिले तठंच काही पाहू.”

‘काही पाहू’ म्हणजे काय ते मला माहीत होतं. आमच्या गल्लीतून पुण्याला गेलेल्या मुली काय करायच्या ते दिवाळीला त्या आल्या की त्यांच्या हातांकडे बघून कळायचं. मी आत गेले नाही, रडलेही नाही. दुसऱ्या दिवसापासून मी स्वतःच माझ्या अभ्यासाचा दिवा लवकर विझवायला लागले. माझ्याही अंगात आबांची भीती शिरली होती, आणि मला ती शहाणपणासारखी वाटत होती.

आमच्याकडे गजानन नावाचा माणूस कामाला होता. आबांहून दहा वर्षांनी लहान, उंच, बोलघेवडा. डबे तोलायचे, वर ओतायचे, पिठाचे डबे उतरवायचे ही त्याची कामं. शिवाय एक काम असं होतं की जे बघून कुणालाही वाटावं, हा माणूस फुकट उभा आहे. गिरणीचे दगड झिजतात. अधूनमधून दगड उघडून छिन्नी-हातोडीनं त्याच्यावर पुन्हा चऱ्या पाडाव्या लागतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. टाकी लावायची म्हणजे दोन माणसांनी आधी मोटरवरचा पट्टा उतरवायचा, मग गजानननं भिंतीवरच्या बोर्डातले तिन्ही फ्यूज उपटून मुठीत घ्यायचे आणि बोर्डाजवळ उभं राहायचं. आबा दगडात हात घालायचे. त्यांचं काम होईपर्यंत गजानन काही करायचा नाही. गप्पा मारायचा, मूठ मिटलेलीच असायची. चिनीमातीचे ते पांढरे फ्यूज त्याच्या मुठीत एकमेकांवर घासून खुडखुड वाजायचे.

त्याला काढलं त्या दिवशी मी तिथेच होते. आबांना ते जड गेलं, पण त्यांनी ते एका दमात उरकलं.

“गजू, मले आता दोन माणसं परवडत नाईत.”

गजाननला हे येणार हे ठाऊक असावं. त्यानं खांद्यावरचा पंचा झटकला. “मंग टाकीच्या टायमाले बोर्डापाशी कोण उभं राहीन, आबा?”

“मी पाहून घेईन.”

“तुमचे हात तं दगडात राह्यतीन.”

“म्हटलं ना, पाहून घेईन.”

तो गेला. त्यानं आणखी वाद घातला नाही, याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं.

मग एकामागून एक गोष्टी अशा होत गेल्या की प्रत्येक गोष्ट त्या त्या वेळी अगदी शहाणपणाची वाटत होती. पट्टा एका माणसाला उतरवता-चढवता येत नाही, म्हणून तो मोटरवरच राहू लागला. तो जुना होता, मधे फाटत आला होता. नवा घेण्याऐवजी आबांनी चामड्याच्या वादीनं तो स्वतः शिवला. शिवण इतकी सुबक घातली की शेजारच्यांना बोलावून दाखवली. फ्यूज खिळखिळे झाले होते, काढले की त्यांची तार तुटायची आणि नवी घालावी लागायची. म्हणून आबांनी ते काढणंच सोडलं, नुसता मेन स्विचचा दांडा खाली करायचे. त्यानंतर आला ऑटो. शेतातल्या पंपांना लोक तेव्हा ऑटो बसवायला लागले होते, म्हणजे अवेळी लाइन आली तरी पंप आपोआप सुरू व्हायचा, माणसानं शेतात जाऊन बसायला नको. आबांनी जुन्या मोटारसायकलचं पेट्रोल बंद करून त्या बचतीतून तो गिरणीला बसवला. वरच्या पेटाऱ्यात दाणे भरून ठेवायचे, दांडा वर ठेवायचा, लाइन आली की गिरणी आपोआप सुरू. एक क्षणही वाया जायला नको.

“पाह्य,” ते मला कौतुकानं म्हणाले होते, “लाइन आल्यावर लगेच नाई उचलत. थोडा थांबते, मंग उचलते. मोटरीले झटका बसू नये म्हणून.”

लोडशेडिंगनं आम्हा सगळ्यांना एक वाईट खोड लावली होती. लाइन नाही म्हणजे तार मेलेली, असं गाव धरून चालायला लागलं होतं. लोक खुशाल बटण चालू ठेवून होल्डरमध्ये बोट घालायचे, पंपाची पेटी उघडून हात आत घालायचे. अमुक वेळेला जाते, तमुक वेळेला येते, हे वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं असायचं, आणि ते इतक्या वेळा चुकूनही त्याच्यावर भरवसा मात्र सगळ्यांचा होता. मला आज त्याचं नवल वाटतं. ज्या गोष्टीनं आमचं जगणं रोज बेभरवशाचं केलं होतं, तिच्याच वेळेवर आम्ही आमचे हात सोपवले होते.

त्या दिवशी आबा रिसोडला गेले होते. कुणीतरी जुनं डिझेल इंजिन विकायला काढलं होतं, ते बघायला. दगड झिजला होता, पीठ जाडं पडत होतं, बाया कुरकुरत होत्या. लाइन दुपारी गेली ती संध्याकाळी यायची होती. जेवणं झाल्यावर माय मला म्हणाली, “चाल व, टाकी लावून टाकू. आबा येतीन तवा थकून येतीन.” आबांचं काम बघून बघून तिला ते येत होतं, त्याआधी एकदोनदा तिनं ते केलंही होतं. दांड्याकडे तिनं बघितलं नाही, मीही बघितलं नाही. तो नेहमीसारखा वर होता.

आत अंधार होता. उजेड फक्त दाराकडून यायचा, म्हणून माय पट्ट्याच्या बाजूला, दाराकडे तोंड करून बसली. दगडाची धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून तिनं पदर डोक्यावरून घेऊन तोंडाला गुंडाळला होता, आणि त्याचं टोक मागे पाठीवर सुटलेलं होतं. मी उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसले होते. टाकीचा टक टक आवाज चालू होता. मला आठवतं, मी अगदी निवांत होते. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. गिरणीतून काहीतरी आवाज येत होता, एवढंच मला पुरत होतं.

मग गल्लीतून पोरांचा ओरडा आला. “लाइन आली रेऽऽ!”

असा ओरडा रोज व्हायचा. तो ऐकून आम्हाला आनंद व्हायचा, म्हणून आधी मलाही आनंदच झाला. मग मायच्या डोक्यावरचा दिवा लागला. तिनं मान वर करून दिव्याकडे बघितलं, हात अजून दगडावरच. बोर्डावरच्या ऑटोच्या पेटीत ‘टक’ झालं. आणि मला आबांचं वाक्य आठवलं, थोडा थांबते, मंग उचलते. तो थोडा वेळ किती असतो ते मला अजून सांगता येत नाही. मी “माय!” म्हणून ओरडले. बोर्ड पलीकडच्या भिंतीवर होता, पट्ट्याच्या पलीकडे. मी धावले. मायनं हात दगडातून ओढून घेतले, ते मी बघितलं, आणि माझ्या मनात आलं की वाचली. त्याच वेळी मोटरनं उचल घेतली आणि पट्ट्यानं तिच्या पदराचं सुटलेलं टोक धरलं.

माय मागे ओढली गेली. ओरडली नाही, तोंडाला पदर होता आणि तो गळ्याभोवती आवळत चालला होता. तिचे पाय माझ्या समोर जमिनीवर घासत गेले, एक चप्पल तिथेच राहिली. ती चप्पल मला आजही स्वप्नात दिसते, माणूस दिसत नाही. मला वाटलं, आता संपलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला मायचा विचार आला नाही. आता आबांना काय सांगायचं, हा विचार आला. मग बंदूक सुटावी तसा आवाज झाला. पट्टा तुटला होता. बरोबर आबांच्या शिवणीवर. त्याचं टोक उसळून मायच्या खांद्यावर बसलं आणि भिंतीवर आपटून खाली पडलं. मोटर मोकळी फिरत किंचाळत राहिली. मी दांडा खाली ओढला तेव्हा सगळं झालेलं होतं. माय जमिनीवर पडून होती आणि गळ्यातून पदर सोडवत होती. तिचे हात चालत होते. मी ते हातच बघत बसले.

आबा आले तोवर अर्धी गल्ली जमली होती. मायच्या गळ्याला लाल वळ उठला होता, खांदा काळानिळा झाला होता, तिला आवाज फुटत नव्हता. आबांनी गर्दीतून वाट काढली, तिच्याकडे बघितलं, मग गिरणीत गेले. तुटलेल्या पट्ट्याचं टोक हातात घेतलं आणि त्या शिवणीवरून बोट फिरवत राहिले. कुणीतरी त्यांच्या पुढे बिडी धरली. त्यांनी ती घेतली, बोटांत फिरवली, आणि परत दिली. त्या दिवशी त्यांनी ती ओढली असती तर कोणी एक शब्द बोललं नसतं. मग त्यांनी बोर्डातले तिन्ही फ्यूज एकेक करून उपटले आणि शर्टाच्या वरच्या खिशात टाकले.

संध्याकाळी लोक गेल्यावर ते मायजवळ येऊन बसले. मी चुलीपाशी कण्या शिजवत होते, मायला भाकर गिळवत नव्हती.

“म्या शिवलेला पट्टा होता म्हणून तुटला,” आबा म्हणाले. “नवा असता तं...”

मायचा आवाज नुसता घोगरा फुसफुसत होता. “नवा पट्टा घ्याचे दिवस असते,” ती म्हणाली, “तं गजूबी असता.”

आबा रडले. मी आबांना तेव्हाच पहिल्यांदा रडताना बघितलं, आणि मला भयंकर भीती वाटली, दुपारपेक्षाही जास्त. या दोघांपैकी कोणाचं खरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. काटकसरीनंच मायला त्या पट्ट्यापाशी नेऊन बसवलं आणि काटकसरीनंच तिला सोडवलं. माझ्या धंद्यात लोक मला खर्च कसा आवरायचा ते विचारतात, तेव्हा मी ही गोष्ट सांगायला जाते आणि मधेच विषय बदलते.

आबांनी इंजिन घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑटो उतरवून ज्याला हवा त्याला देऊन टाकला, मोटारसायकल विकून नवा पट्टा आणला, आणि पायी गजाननच्या घरी गेले. तिथे काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण येताना गजानन सोबत होता आणि गिरणीत शिरल्या शिरल्या त्यानं बोर्डाकडे बघितलं. आबांनी खिसा थोपटून दाखवला.

गिरणी तरली ती मात्र एका वेगळ्याच कारणानं. आमच्याकडे दळायला सगळ्या गल्ल्यांमधून बाया यायच्या, पण वरच्या आळीतल्या काही जणी आपलं दळण डोळ्यांसमोर दळून घ्यायच्या आणि पीठ आपल्याच हातानं डब्यात भरायच्या. आम्हाला भरू द्यायच्या नाहीत. का, ते कोणी बोलत नसे आणि आम्हीही विचारत नसू. त्यांना थांबावं लागायचं, म्हणून लाइन गेली की त्या स्टँडच्या गिरणीवर जायच्या, आणि त्या जाऊ नयेत म्हणून तर आबांची ती सगळी घाई होती. मायला बघायला त्या आठवड्यात बायांची रीघ लागली. त्यात पंचफुलाबाई आली, वरच्या आळीतली, बोलायला फटकळ. तिनं मायचा गळा बघितला, खांदा बघितला. जाताना तिनं डोक्यावरचा डबा आमच्या ओट्यावर उतरवला.

“राहू दे अठी,” ती म्हणाली. “लाइन येईन तवा दळा, भरून ठेवा. उद्या नेईन, परवा नेईन. जीव घालू नका माह्या दळणापायी.”

माय म्हणाली, “आमी भरू?”

“मंग कोण भरीन?” असं म्हणून ती चालती झाली.

त्यानंतर ओट्यावर डबे वाढत गेले. माय त्यांच्यावर खडूनं नावं लिहायची. लाइन केव्हाही येवो, आम्ही दळायचो, आणि कोणी घाई करायचं नाही. मी बारावी रिठदमध्येच राहून दिली. पण माझी भीती गेली असं म्हणता येणार नाही. टाकीचा दिवस आला की मी घरात थांबायची नाही, विहाराच्या ओट्यावर जाऊन बसायची. टाकी आता मायच लावायची, कारण आबांचे हात त्या दिवसापासून छिन्नीला स्थिर राहिले नाहीत. गजानन आणि आबा पट्टा उतरवायचे, आबा फ्यूज काढून खिशात टाकायचे, खिसा वाजवून तिला ऐकवायचे, आणि म्हणायचे, “घाल हात.” मग माय दगडात हात घालायची. इतक्या वर्षांत आबा हे शब्द बोलल्याशिवाय तिनं कधी हात घातला नाही, आणि गजानन बोर्डापाशी उभा नसताना आबांनी ते कधी म्हटले नाहीत.

मागे टाळेबंदीत माझा कारखाना महिनोन् महिने बंद होता. माझा मुलगा हिशेब घेऊन माझ्यासमोर बसला आणि त्यानं सुचवलं की यंत्रावरच्या दोन बायांचं काम एकीला देता येईल. त्याचं गणित चुकीचं नव्हतं. मी गाडी विकली, स्वतःचा पगार बंद केला, कारखान्याचा भाड्याचा वरचा मजला सोडला, आणि त्या दोघी जिथे होत्या तिथेच ठेवल्या. माझ्यात आबांएवढा संयम नाही. मी मुलावर ओरडले, आणि त्याला का ते सांगितलं नाही. हे सगळं त्याच्यासाठीही लिहिते आहे.

पुढे लाइन सुधारली, घरोघरी छोट्या चक्क्या आल्या, आणि आबांची गिरणी आपसूक बंद झाली. मोटर विकली, दगड अंगणात कपडे धुवायला आले. फ्यूज मात्र मायनं फळीवर ताटांच्या मागे ठेवले होते. शेवटच्या वर्षात आबांना फारसं काही आठवायचं नाही. मला ते कधी ओळखायचे, कधी नाही. पण दिवा गेला की ते पलंगावर उठून बसायचे, घामाघूम व्हायचे आणि हात पुढे करून हवेत काहीतरी शोधायचे.

“फ्यूज काढले का?” ते विचारायचे. “लाइन येईन, फ्यूज काढले का?”

“गिरणी केव्हाचीच इकली, जी,” माय सुरुवातीला सांगायची. त्यानं काही व्हायचं नाही, उलट ते जास्त घाबरायचे. मग एकदा ती उठली, फळीवरून ते तिन्ही फ्यूज घेतले आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात टाकले. खिसा हलवून त्यांना आवाज ऐकवला. आबांनी त्याच्यावर हात ठेवला, थोपटला, आणि त्यांचा श्वास हळूहळू खाली आला.

“घाल हात,” ते म्हणाले.

माय त्यांच्याजवळ बसली आणि आपला हात तिनं त्यांच्या हातात दिला. दिवा येईपर्यंत तो तसाच राहिला.